स्टे येईपर्यंत

कोर्टाच्या मागच्या भिंतीला लागून ज्याचं लाकडी खोकं होतं, त्या कुलूपवाल्याला कोर्टातली झाडून सगळी माणसं सावकाशराव म्हणत. नाव ठेवलं होतं बेलिफाने. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस. त्याला पाहून आयुष्यात कोणी हसून दार उघडलं नव्हतं, त्यामुळे थट्टामस्करीची सगळी हौस तो सावकाशरावांवर भागवून घ्यायचा.

"काय सावकाशराव, आज दार उघडायचंय, की अंथरूण-पांघरूण घेऊ सोबत?"

सावकाशराव नुसते हसायचे आणि पिशवी उचलायचे.

काम ठरलेलं होतं. नवरा-बायकोच्या भांडणात न्यायाधीश हुकूम करत, की घर हिला द्या, सामान त्याला द्या, मूल आजीकडून बापाकडे द्या. ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तो दाराला कुलूप ठोकून पसार होई. मग कुलूप उघडायची परवानगी निघे, बेलिफ खोक्यापाशी येऊन मानेने खूण करी, आणि सावकाशराव त्याच्या मागोमाग निघत.

आता, हा माणूस मुळातच मंद होता असं कोणी समजू नये. किल्ली आत राहून दार लागलंय, शेगडीवर दूध आहे आणि बाहेर बाई रडकुंडीला आलीय, अशा वेळी त्यांचे हात बघावेत. बाईने पदर डोळ्यांना लावेपर्यंत दार उघडं. पण कोर्टाचा हुकूम सोबत असला, की त्याच हातांना मुंग्या येत. आधी चष्मा पुसायचा. मग कुलपाच्या भोकात फुंकर मारायची. मग तेल सोडायचं आणि ते खाली उतरेपर्यंत जिन्यात बसून राहायचं. मग पिशवीतली सगळी हत्यारं फडक्यावर मांडून नेमकं चुकीचं उचलायचं, आणि ते चुकीचं आहे हे कळायलाही भरपूर वेळ घ्यायचा.

हा सगळा खटाटोप स्टेसाठी. हुकूम ज्याच्याविरुद्ध जातो तो वरच्या कोर्टात धाव घेतो, अपील करतो, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत हा हुकूम थांबवा म्हणून अर्ज टाकतो. कागदावर याला स्थगिती म्हणतात, बोलण्यात स्टे. पण स्टे यायला हवा तो हुकूम बजावून होण्याआधी. सावकाशरावांनी एकदा उलटं झालेलं पाहिलं होतं. दार त्यांनी चटकन उघडून दिलं होतं, छोट्या मुलीला तिच्या बापाच्या गाडीत बसवून झालं होतं, गाडी वळणापलीकडे गेली होती, आणि मुलीच्या आजीचा भाऊ स्टेचा कागद घेऊन धापा टाकत जिना चढत होता. बेलिफ म्हणाला, "आता थांबवायला राहिलंय काय, आजोबा?" चूक कोणाचीच नव्हती. पण त्यानंतर कोर्टाच्या कामावर गेलं की सावकाशराव चष्मा पुसायला लागले.

बेलिफाला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. तो मुकाट्याने पाठ फिरवून जिन्याच्या खिडकीतून रस्ता बघत उभा राही. कधी खालून कोणी धावत येई, बहुतेक वेळा येत नसे. दोघांनी यावर एकमेकांशी कधी अवाक्षर काढलं नाही.

अवाक्षर न काढणं हा सावकाशरावांचा स्वभावच. बायकोशी तरी कुठे काढत होते! परक्या दारांशी दिवसभर इतका जीव लावून बसत, की घरी येईपर्यंत बोलणं आटून गेलेलं असे. ती विचारी, "आज काय झालं?" हे म्हणत, "काही नाही." ती वाढी, हे जेवत. ती म्हणे, "भाजी अळणी झालीय का?" हे म्हणत, "ठीक आहे." अशा माणसाशी भांडायचीही सोय नसते. आईच्या आजारपणात ती माहेरी गेली आणि तिथेच राहिली. जाताना म्हणाली होती, "मी इथे नाही हे कळायला तुम्हाला दोन दिवस लागतील." ते काही खरं नव्हतं. त्यांना ते त्याच संध्याकाळी दाराला हात लावताना कळलं. पण सांगणार कोणाला? मूलबाळ नव्हतं, आणि जिला सांगायचं तीच गेलेली.

तिची आई वारली. ती बहिणीकडे राहायला गेली. बहिणीच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, आणि हिची खोली गेली. मग तिने कोर्टात अर्ज केला. घटस्फोट मागितला, आणि घर मागितलं. घर तिच्याच नावावर होतं, तिच्या आईने घेऊन दिलेलं. म्हणजे तिचं काही चुकलं होतं असं अजिबात नाही. सावकाशरावांनी घटस्फोटाला हरकत घेतली नाही. नको असलेल्या माणसाला बांधून ठेवून करायचं काय? पण घराच्या बाबतीत त्यांनी पाय रोवले. सगळ्यांना नवल वाटलं. बेलिफाला तर फारच.

त्यामागचं कारण असं, की अर्जाच्या निमित्ताने तारखा सुरू झाल्या होत्या. तारखेला ती यायची. कोर्टाच्या मोठ्या जिन्याने, कठड्याला धरून, एक एक पायरी. सावकाशराव आधीच येऊन अशा बाकावर बसायचे जिथून तो जिना दिसतो. ती समोरच्या बाकावर वकिलाशेजारी बसे, पिशवीतून पाण्याची बाटली काढी, एक घोट घेई, चष्मा बदली. केस विरळ झाले होते. एकदा तिने हातावर पट्टी बांधली होती. काय लागलं हे पुढच्या तारखेपर्यंत त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्या तारखेला पट्टी नव्हती. तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं, की शिपायाने नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. लागणारच होता. सावकाशराव आपल्या वकिलाकडे जाऊन म्हणाले, "अपील करायचंय. स्टे पाहिजे."

वकील तरुण होता, चुणचुणीत. तो त्यांना काका म्हणायचा. "काका, स्टे असा मागून मिळत नाही. तुमचं भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवावं लागतं. घर सोडलंत तर काय नुकसान होईल?"

सावकाशरावांनी टेबलावरचं, कागद शिवायचं दाभण उचलून त्याचं टोक बोटाने चाचपलं.

"सांगा ना, काका."

"तुम्हीच लिहा काहीतरी," ते म्हणाले.

वकिलाने लिहिलं, की अर्जदार वृद्ध असून उघड्यावर पडेल. लिहून झाल्यावर त्याने एक युक्तीही सांगितली. "अर्ज वर सुनावणीला येईपर्यंत तुमच्याकडे बेलिफ यायला नको. आला तर वेळ काढायचा. घराला कुलूप लावा आणि किल्ली माझ्याकडे ठेवा. कोणी विचारलं तर किल्ली आपल्यापाशी नाही म्हणायचं. खोटंही नाही आणि कामही होतंय."

युक्ती सावकाशरावांना इतकी पटली, की त्यांनी तिच्यावर आपली कडी केली. बाहेरच्या कुलपाखेरीज त्यांनी दाराच्या पोटात आणखी एक कुलूप बसवलं. स्वतःच्या हाताने घडवलेलं, किल्लीच्या दात्यांनी उचलले जातात ते आतले खिळे घासून असे बसवलेले, की कुठलाही कुलूपवाला आणा, त्याला घाम फुटला पाहिजे. दोन्ही किल्ल्या वकिलाच्या हवाली केल्या, रात्रीपुरते खोक्यामागे झोपायला लागले, आणि निर्धास्त झाले. बेलिफ कोणाकोणाला घेऊन येईल याचा त्यांनी सगळा विचार केला होता. बेलिफ आजवर एकाच कुलूपवाल्याला घेऊन जात आलाय, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ज्या दिवशी अर्ज वरच्या कोर्टात सुनावणीला लागला, नेमका त्याच सकाळी बेलिफ खोक्यापाशी येऊन उभा राहिला. थट्टा नाही, काही नाही. मानेने खूणसुद्धा केली नाही.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्याकडेच."

सावकाशराव खोक्यात मागे सरकले. "मी नाही येत. दुसरा कोणी बघा."

"दुसरा आहे. बाजारात मशीन घेऊन बसतो. तो कुलूप उघडत नाही, दार कापतो. आणू त्याला?" बेलिफाने आवाज खाली आणला. "तुम्ही आलात तर निदान तुमच्या पद्धतीने होईल. वकील वरच्या कोर्टात गेलाय ना तुमचा? मग चष्मा पुसायला सुरुवात करा."

इतक्या वर्षांत त्याने ही गोष्ट पहिल्यांदाच तोंडाने उच्चारली. सावकाशरावांनी पिशवी उचलली.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अंधारा, मधल्या वळणावर एक झरोका. ती आधीच येऊन दारासमोर उभी होती, हातात पिशवी. वकील नव्हता, बहीण नव्हती, एकटीच. तिने हत्यारांची पिशवी पाहिली, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि तिला हसू आलं. तिने ते लगेच दाबलं.

"हे उघडणार?" तिने बेलिफाला विचारलं.

"हेच उघडतात सगळ्यांची," बेलिफ म्हणाला आणि झरोक्यापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

सावकाशरावांनी चष्मा पुसला. फुंकर मारली. तेल सोडलं. नेहमीचंच सगळं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू पायरीवर बसली आणि चपला काढून ठेवल्या. शेजारचं दार किलकिलं झालं, पुन्हा लागलं. सावकाशरावांनी मुद्दाम मोठं हत्यार उचललं, कुलपाशी नेलं, परत ठेवलं.

"अहो," ती म्हणाली.

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. कोर्टात ती त्यांच्याविषयी बोलायची तेव्हा 'सामनेवाले' म्हणायची, वकिलाने शिकवलं होतं तसं. तोंडावर तर काहीच म्हणायची नाही. तिच्या तोंडून 'अहो' निघायचं केव्हाच बंद झालं होतं, आणि आता ते असं सहज निघालं होतं, की तिलाही बहुधा कळलं नसावं.

"मागच्या खिडकीची कडी बसवलीत का हो कधी?"

त्या कडीपायी ती किती वेळा बोलली असेल! वारा सुटला की ती खिडकी आपटायची, आणि ही रात्रीची उठून फडकं अडकवायची. सगळ्या गावाच्या कड्या-कोयंड्यांना यांचे हात लागले, घरच्या खिडकीला तेवढे लागत नव्हते. उद्या करतो, परवा करतो. ती गेल्यावर पहिल्या सुट्टीला त्यांनी ती बसवली होती. पितळेची कडी, जाड, हाताला गुळगुळीत लागावी म्हणून कडा घासून.

"बसवली," ते म्हणाले.

"खरंच?"

"पितळेची आहे."

"बघू तरी," ती म्हणाली. "उघडा, मग बघते. पाणीही पिईन जरा. जिना चढवत नाही आता मला."

पायरीवर बसल्या बसल्या ती एवढं बोलली, साध्या आवाजात, बाजारातून परत आल्यासारखी. आणि सावकाशरावांना एकदम जाणवलं, की आपल्याला हे घर नको होतंच कधी. ही इथे येऊन आत शिरावी, खिडकीपाशी जावी, हिने कडी वर-खाली करून बघावी, एवढंच पाहिजे होतं. त्यासाठी घर देऊन टाकावं लागलं असतं तर दिलंही असतं. नव्हे, त्यासाठीच ते द्यायला हवं होतं. इतके दिवस ते उलट्याच दिशेने किल्ली फिरवत बसले होते.

मग त्यांचे हात असे चालायला लागले, जसे शेगडीवर दूध असल्यावर चालतात. बाहेरचं कुलूप खटकन उघडून पायरीवर पडलं. बेलिफ दचकून वळला.

"सावकाशराव? सावकाश!"

सावकाशराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आता राहिलं आतलं, त्यांनीच घडवलेलं. सगळे खिळे त्यांनीच घासलेले, कुठे काय फसवणार हे तेच जाणत, पण जाणून उपयोग नव्हता. कुलूप फसवायला केलं होतं आणि ते इमानदारीत फसवत होतं. एक खिळा बसला की दुसरा घसरे. त्यांचं कपाळ घामाने भिजलं, चष्मा नाकावर उतरला. तो त्यांनी काढून खिशात कोंबला आणि नुसत्या बोटांवर काम चालवलं. मागून ती म्हणाली, "एवढी काय घाई करताय, हाताला लागेल." एक खिळा बसला. दुसरा बसला. आता शेवटचा, तोही बसत आला होता.

बेलिफाचा फोन वाजला. तो पाच-सहा वेळा "हो साहेब" म्हणाला आणि मग जिना दणाणेल एवढ्या मोठ्याने ओरडला, "स्टे आला! सावकाशराव, अहो, आला तुमचा स्टे! अगदी वेळेवर आला!"

सावकाशरावांचे हात थांबले नाहीत.

"थांबा म्हणतोय ना! हुकूम थांबलाय. आता दार उघडायचं नाही."

तरी ते थांबले नाहीत. शेवटी बेलिफाने वाकून त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्याने त्यांना पहिल्यांदाच हात लावला असेल. खिळा घसरला. आत सगळं पुन्हा जागच्या जागी बसल्याचा बारीक आवाज झाला.

"माझ्या घराचं दार आहे. मी उघडतोय," सावकाशराव म्हणाले.

"मी गेल्यावर खुशाल उघडा. बाई इथे असताना नको. या आत गेल्या तर ताबा दिल्यासारखं होईल, माझ्या नोकरीवर येईल."

"पाणी प्यायचंय तिला."

"पाणी मी खालून आणतो."

"खिडकी बघायचीय," सावकाशराव म्हणाले. बेलिफाला काही उमगेना. तो एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला.

ती केव्हाच उठली होती. कठड्याला धरून चपला पायात सरकवत होती. चेहरा पुन्हा कोर्टातल्या बाकावरचा झाला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या तुमचे वकील म्हणतील, जबरदस्तीने घुसली."

"मी नाही म्हणू देणार तसं."

"तुम्ही काय म्हणता ते कधी कोणी ऐकलंय?" हे ती रागाने म्हणाली नाही. "बसवलीत म्हणताय ना कडी? झालं मग."

सावकाशरावांना खूप बोलायचं होतं. सगळं एकदम दाराशी आलं आणि एकही शब्द बाहेर पडला नाही. ती एक एक पायरी उतरत गेली. वळणावर तिचा पदर दिसला, मग नुसता चपलांचा आवाज, मग तोही रस्त्यावरच्या आवाजात मिसळला. बेलिफ थोडा वेळ घुटमळला, पडलेलं कुलूप उचलून त्याने त्यांच्या हातात दिलं आणि निघून गेला. शेजारचं दार पुन्हा किलकिलं झालं. सावकाशराव पायरीवर बसले.

दुपारी वकील आला. दोन-दोन पायऱ्या गाळत, एका हातात स्टेचा कागद, दुसऱ्यात किल्ल्या.

"काका, अभिनंदन! काय बाजू मांडली मी, तुम्ही असायला हवं होतं. जैसे थे! अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही."

"अपील किती दिवस चालेल?"

"दिवस? वर्षं म्हणा, वर्षं. तोवर बाईंना या दारातून आत पाऊल टाकता येणार नाही." त्याने हे अगदी खुशीत सांगितलं.

सावकाशरावांनी विचारलं, "पुढची तारीख कधी?"

"तारखेची काळजी तुम्ही कशाला करता?"

"मी येईन. ती येईल ना, म्हणून."

वकिलाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हुशार पोरगा होता. त्याला कळलं असावं. तो त्यांच्याशेजारी पायरीवर टेकला आणि कागदाची घडी घालत हळू आवाजात म्हणाला, "काका, अपिलात माणसांना यावं लागत नाही. दोन्हीकडचे वकील आले की भागतं. त्या कशाला येतील आता?"

सावकाशरावांनी मान हलवली. मग वकिलाच्या हातातून किल्ल्या घेतल्या, खिशातला चष्मा काढला आणि तो पुसायला लागले.